कारण विचारू नका

पाळकसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली ती दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत.

माणूस आडवा पडलेला, जबडा ताणलेला, गालात कापसाचे बोळे आणि कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी गुरगुरतेय, अशा वेळी कोणी काही म्हटलं तर उत्तर द्यायची सोय नसते. हे डॉक्टर चर्चच्या कमिटीतले एक वडीलधारे सभासद. बोलायची आवड त्यांना एरवीही होती, आणि समोरच्याचं तोंड अडकलेलं असलं की ती जरा जास्तच वाढायची. दाढ कोरता कोरता त्यांनी मशीन थांबवलं, खाली वाकले आणि आजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, “साहेब, आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतोय हं.”

आता हे वाक्य काही वाईट नाही. चर्चमध्ये ते उठता-बसता ऐकू येतं. पण त्याची एक दिशा ठरलेली असते. ते पाळकाने लोकांना म्हणायचं असतं. साहेब कित्येक वर्षं ते वाटत आले होते: आजाऱ्यांना, परीक्षेला बसलेल्यांना, भावाभावांच्या भांडणात सापडलेल्यांना. तेच वाक्य आता उलट फिरून स्वतःकडे आलं होतं. आम्ही सगळे म्हणजे कोण कोण? कशासाठी? आणि तो शेवटचा ‘हं’ कशाला?

“आँ?” एवढंच त्यांना म्हणता आलं.

“काही बोलू नका,” डॉक्टर म्हणाले. “आम्हीही काही विचारणार नाही.” आणि त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं.

साहेबांजवळ लपवण्यासारखं एकच होतं. रोज सकाळी नाश्त्याच्या आधी ते आपल्या अभ्यासाच्या खोलीत जात आणि दार लावून घेत. तो वेळ प्रार्थनेचा. हे घरालाच काय, चर्चच्या सबंध मंडळीला माहीत होतं. त्या वेळात फोन आला की त्यांची बायको, जिला सगळे पाळकीणबाई म्हणत, दबक्या आवाजात सांगायची, “साहेब प्रार्थनेत आहेत.” दूधवालासुद्धा पायरीवर बाटल्या ठेवताना आवाज होऊ द्यायचा नाही. आणि आत साहेब काय करत होते? शब्दकोडं सोडवत होते. आडवे शब्द, उभे शब्द, खोडरबर, सगळं साग्रसंगीत.

हे कधी सुरू झालं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एकदा असेच प्रार्थनेला बसले आणि काही आलंच नाही. आधी वाटलं थकवा असेल. मग वाटलं देव परीक्षा बघत असेल. मग काही वाटेनासंच झालं, आणि त्याची त्यांना खरी भीती वाटली. गंमत अशी, की लोकांसमोर उभे राहिले की प्रार्थना झरझर यायची, सुरात, हव्या त्या ठिकाणी थांबत, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणवायचे. एकटे बसले की काहीच नाही. बंद दाराआड नुसतं बसून तरी किती वेळ राहणार? म्हणून शब्दकोडी. जुन्या वर्तमानपत्रांतून कापलेली कोडी ते बायबलवरच्या सगळ्यात जाड ग्रंथात ठेवत, कारण त्या ग्रंथाला दुसरं कोणी हात लावेल अशी शंका त्याच्या लेखकालाही आली नसती.

हे बाहेर फुटलं तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर घर जाणार, कारण घर चर्चचं. या वयात दुसरं काम कोण देणार? बोलण्यापलीकडे साहेबांना काही येत नव्हतं. आणि ज्यांच्या उशाशी बसून त्यांनी देवाला साकडं घातलं, ती सगळी माणसं विचारणार, की मग तेव्हा तुम्ही नक्की कोणाशी बोलत होता? त्यांना कसं तोंड दाखवायचं? म्हणून ज्याला हे कळलं असेल, त्याच्या हातात साहेबांची मानगूट होती. फक्त तो कोण, ते समजत नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांना सगळीकडे खुणा दिसायला लागल्या. कमिटीचे सेक्रेटरी हे एक नमुनेदार गृहस्थ. प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘मुद्दा असा’ अशी करत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना मुद्देसाहेब म्हणत. साहेबांनी काहीही सुचवलं की मुद्देसाहेबांचा विरोध ठरलेला. घड्याळ पुढे आहे म्हटलं तरी ते हरकत घेत. त्या आठवड्यात साहेब म्हणाले, मागच्या बाकांना पुन्हा पॉलिश करायला हवं. मुद्देसाहेब गप्प बसले. वर साहेबांच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, “करू या की. तुम्ही कशाचा ताण घेऊ नका.” साहेबांनी पॉलिशचा विषय पुन्हा काढलाच नाही.

चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या खोलीत ते शिरले की बोलणं तुटायचं आणि मग तीनचार जण एकदम हवापाण्यावर बोलायला लागायचे. कोणीतरी पायरीवर झाकण लावून सूप ठेवून गेलं. सूप चांगलं होतं, पण घशाखाली उतरेना. मंडळीतल्या एका घरची सून, जी एरवी नमस्कारालाही मान हलवायची नाही, ती थांबून डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “साहेब, माणसंच आहोत हो आपण सगळे.” आता यावर माणसाने काय करायचं? साहेब म्हणाले, “होय, होय,” आणि छत्री विसरून निघून गेले.

कोणी पाहिलं असेल? दार तर बंद असतं. राहिली खिडकी. अभ्यासाच्या खोलीची खिडकी मागच्या आवारात उघडायची आणि आवारापलीकडे होतं ऑर्गनवाल्या मावशींचं स्वयंपाकघर. मावशी म्हणजे वयस्कर बाई, एकट्या राहणाऱ्या, दर रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या. एकटी बाई, समोर खिडकी आणि रिकामा वेळ. साहेबांनी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. त्यांनी पडदे ओढले. मग वाटलं, भर दिवसा पडदे ओढलेले पाहून तर संशय पक्काच होईल. म्हणून अर्धे उघडले. मग खुर्ची फिरवली. मग वाटलं, पलीकडून नक्की दिसतं तरी काय, ते एकदा जाऊन बघावं.

सकाळच्या उन्हात मंडळीचे पाळक मागच्या आवारात गेले, मावशींच्या खिडकीखाली एक बादली उपडी घातली, तिच्यावर चढले आणि मान वळवून स्वतःच्याच खिडकीकडे डोळे बारीक करून पाहू लागले. इतक्यात डोक्यावरची खिडकी उघडली.

“कोण आहे ते?” मावशी म्हणाल्या.

“मी. मी आहे, मावशी.”

“साहेब? बादलीवर काय करताय?”

साहेब खाली उतरायचं सोडून चिडले. पकडला गेलेला माणूस आधी चिडतोच. “मी काय करतोय? तुम्ही काय करता ते सांगा आधी. रोज सकाळी इथून माझ्या खोलीत बघता ना? आणि गावभर सांगत सुटलात!”

मावशींनी चेहऱ्यावर हात फिरवला. मग म्हणाल्या, “अहो, मला माझ्या शेगडीवरचं दूध उतू गेलेलं दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. गाणी पाठ आहेत म्हणून वाजवते, नाहीतर कधीच घरी बसवलं असतंत. तुमच्या खोलीत बघून मला काय मिळणार? आणि आहे काय तिथे एवढं?”

“काही नाही,” साहेब म्हणाले.

“मग? जे काय आलंय ते तुमच्याच घरातून आलंय. बायकांच्या प्रार्थनासभेत तुमच्या बाईंनीच विनंती ठेवली. मी तेव्हापासून रोज गुडघे टेकतेय तुमच्यासाठी, या वयात, आणि तुम्ही माझ्यावर आळ घेताय.” त्यांनी खिडकी लावून घेतली. साहेब बादली उचलून परत आले. त्यांना मावशींची माफी मागायची आठवणही राहिली नाही.

बायकांच्या प्रार्थनासभेची एक रीत होती. सगळ्या जणी गोल बसायच्या आणि एकेकीने आपली विनंती सांगायची. कोणाचा गुडघा, कोणाचा नापास मुलगा, कोणाची सासू. पण त्यातच एक वेगळी विनंतीही असायची. जिला सांगवत नाही तिने फक्त एवढंच म्हणायचं, अमक्यासाठी प्रार्थना करा, कारण विचारू नका. आणि मग खरोखर कोणी विचारायचं नाही, हा नियम. नियम सगळ्या जणी पाळायच्या. तर्क करू नका, असं मात्र नियमात कुठे नव्हतं.

पाळकीणबाई इतकी वर्षं त्या गोलात बसत आल्या आणि त्यांची पाळी आली की म्हणत आल्या, “आमचं सगळं बरं आहे, देवाची कृपा.” त्या एका दिवशी त्या म्हणाल्या, “आमच्या घरासाठी प्रार्थना करा. कारण विचारू नका.”

बस्स. प्रत्येक बाई घरी गेली आणि ती मोकळी जागा तिने आपापल्या घरातल्या सामानाने भरली. डॉक्टरांच्या बायकोचा भाऊ पिऊन पिऊन वाया गेला होता. तिने ठरवलं, साहेब घेतात. मुद्देसाहेबांच्या बायकोला काय सोसावं लागलं ते कोणी उघड बोलत नसे. तिने ठरवलं, दुसरी बाई. मावशींचा नवरा पोटाच्या दुखण्याने गेला होता. त्यांनी ठरवलं, आजार, आणि तोही आतला. मग जिने तिने नवऱ्याला सांगितलं, तेही प्रार्थनेसाठीच. चुगली केली असं कोणाच्याही मनाला शिवलं नाही.

साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच कळलं, की हिला कळलंय. माझ्याच घरात, माझ्याच पाठीमागे हिने तो ग्रंथ उघडला आणि मला एका शब्दाने न विचारता बायकांच्या गोलात जाऊन बसली.

सरळ विचारायचं सोडून त्यांनी पाळत ठेवली. ग्रंथाच्या पानांत एक दोरा अडकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी दोरा जागेवर नव्हता. जमिनीवर सापडला. तिने उघडलं, की धूळ झटकताना पडला, की आपणच काल रात्रीच्या विचारात पुस्तक हलवलं? जेवताना ते तिच्याकडे चोरून पाहू लागले, आणि पाहतात तर ती खरंच बदललेली. पूर्वी बडबडी होती, आता घासागणिक गप्प. डोळे कधीकधी लाल. हाक मारली की दचकायची. साहेबांना वाटलं, ही सगळी अपराधाची लक्षणं.

“बरी आहेस ना?” त्यांनी एकदा विचारलं.

“हो. का?”

“सहज.”

“सहज म्हणजे?”

“सहज म्हणजे सहज. पाव दे.”

तिने पाव दिला. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं सावध जेवण त्या टेबलावर कधी झालं नव्हतं.

रविवारची उपासना संपली आणि मुद्देसाहेबांनी निरोप दिला, कमिटी बसणार आहे, साहेबांनी यावं. साहेबांनी ओळखलं, आज निकाल. चर्चच्या मागच्या खोलीत घडीच्या खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या आणि मधोमध एक खुर्ची एकटी. साहेब तिच्यावर बसले. रात्रभर जागून त्यांनी उत्तरं तयार केली होती.

“मुद्दा असा,” मुद्देसाहेब उभे राहून म्हणाले, “की आज कामकाज काही नाही. आज आपण फक्त साहेबांसाठी प्रार्थना करायची आहे.”

सगळे उठले, साहेबांभोवती जमले आणि त्यांनी साहेबांच्या डोक्यावर, खांद्यांवर हात ठेवले. डॉक्टरांच्या हाताला औषधाचा वास होता. डोळे मिटले गेले. आणि मग एकेक जण देवाला सांगू लागला, म्हणजे साहेबांना ऐकवू लागला.

“प्रभू,” डॉक्टर म्हणाले, “तुझ्या सेवकाच्या हातातला तो पेला दूर कर. संध्याकाळ झाली की त्याला दुसरा काहीतरी विरंगुळा दे.”

साहेबांनी मिटल्या डोळ्यांनीच भुवया उंचावल्या. पेला?

आरोप कमिटीत झाला तर उत्तर देता येतं. भांडणात झाला तर दोन शिव्या देता येतात. पण प्रार्थनेत झालेल्या आरोपाला उत्तर नसतं. मध्येच ‘अहो, मी थेंबही घेत नाही’ असं म्हणायचं कोणाला? बोलणं तर देवाशी चाललेलं. साहेब मान खाली घालून बसून राहिले. त्यांच्यावरच्या हातांचं वजन वाढत होतं.

“मुद्दा असा, प्रभू,” मुद्देसाहेबांनी सुरू केलं. देवालाही त्यांनी सूट दिली नाही. “ती बाई जी कोण असेल ती असो. आम्हाला नाव नको. पण तिची वाट बंद कर. आणि परक्यांच्या खिडक्यांपासून तुझ्या सेवकाची नजर वळव. विशेषतः मागच्या आवारातल्या.”

म्हणजे बादलीसुद्धा देवापर्यंत पोचली होती. सत्तरी ओलांडलेल्या, मोतीबिंदू झालेल्या मावशी आणि आपण! साहेबांना हसू आलं, पाठोपाठ राग आला, आणि मग एकाएकी इतका थकवा आला की त्यांना ते हात सहन होईनात.

“आमेन!” ते जोरात म्हणाले.

प्रार्थना अर्ध्यात तुटली. कोणी आधी उघडायचे हे न कळल्यासारखे सगळ्यांचे डोळे मागेपुढे उघडले.

“मी पीत नाही,” साहेब म्हणाले. “बाई नाही. मी बादलीवर चढलो तो माझीच खिडकी बघायला. माझं दुखणं हे, की मला प्रार्थना येत नाही. इथे येते, तुमच्यासमोर. एकटा असलो की एक शब्द येत नाही. कित्येक महिने झाले, जास्तच. रोज सकाळी आत बसून मी शब्दकोडी सोडवतो. हे आहे. आता काय करायचं ते करा.”

साहेब आपल्या हातांकडे बघत बसले. आता घर जाईल, भांडीकुंडी बांधावी लागतील, असं सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं.

“एवढंच?” डॉक्टर म्हणाले.

“एवढंच म्हणजे?”

“अहो, मला वाटलं दारू!” डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला आणि हसायलाच लागले. “काय घाबरवलंत राव.”

मुद्देसाहेब मात्र विचारात होते. “मुद्दा असा,” ते सावकाश म्हणाले, “की माझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्ही आला होतात. मोठी प्रार्थना केली होती. तेव्हाही हे असंच?”

“तेव्हाही.”

मुद्देसाहेब क्षणभर साहेबांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “असो. ऑपरेशन तर नीट झालं. उपासनेत काही फरक पडलेला नाही, लोकांची तक्रार नाही. हे कागदावर घ्यायचं कारण दिसत नाही. बायकांना सांगू, प्रार्थना ऐकली गेली. तुम्ही चालू ठेवा.”

“तुमच्या प्रार्थना छानच असतात हो,” डॉक्टर म्हणाले. “आम्हाला तेवढं पुरतं.”

खुर्च्यांच्या घड्या झाल्या. कोणीतरी पंखा बंद केला. साहेब बाहेर पडले.

उगाच त्यांना कोणी थोर करू नये. बाहेर पडताना त्यांना आधी हायसं वाटलं. घर राहिलं, पगार राहिला, अब्रू राहिली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मात्र त्यांना काहीतरी बोचायला लागलं. ज्या गोष्टीपायी आपण झोप घालवली, ती या माणसांच्या लेखी पेल्याएवढीही मोठी नव्हती. आपण आत काय करतो याच्याशी कोणाचं काही अडलेलंच नव्हतं. तरीही ते नोकरीत राहिले असते. पोटासाठी माणसं याहून जड गोष्टी गिळतात. राग काढायला त्यांना घरात एक जागा होती, आणि ते तरातरा घरी निघाले.

पाळकीणबाई स्वयंपाकघरात टेबलाशी बसून बटाटे सोलत होत्या.

“झालं तुझं समाधान?” साहेब दारातूनच म्हणाले. “सांगून टाकलं मी सगळं कमिटीला. आता माझ्या पाठीमागे बायकांत जाऊन प्रार्थना मागायला नको.”

“काय सांगितलंत?”

“शब्दकोड्यांचं.”

“कसली शब्दकोडी?”

साहेब थांबले. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं, की हिला काहीच माहीत नव्हतं. कोणालाच काही माहीत नव्हतं. आपलं गुपित ग्रंथात सुखरूप होतं आणि आपणच ते फोडून आलो. आता मागे फिरणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं. ती ऐकत गेली. सालपट हातात तसंच लोंबत राहिलं.

“म्हणजे तुम्ही आत कोडी सोडवत होता,” ती म्हणाली, “आणि मी इथे फडकं अंथरून त्याच्यावर भांडी ठेवत होते, वाजू नयेत म्हणून?”

“होय.”

“मला सांगायचंत तरी. निदान रेडिओ लावला असता.”

“तू मग प्रार्थना कशासाठी मागितलीस? माझ्यासाठी—”

“तुमच्यासाठी नाही मागितली. घरासाठी मागितली.”

“घर म्हणजे मीच की.”

“सगळ्यांना तसंच वाटलं,” ती म्हणाली. “मी राहत नाही का इथे?”

तिने सुरी खाली ठेवली आणि बटाट्यांकडे बघत बोलायला लागली, एका लयीत.

“माझी आई गेली तेव्हा विधी तुम्हीच केलात. दुसरा पाळक बोलवायचा का, म्हणून दादाने विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, कशाला, मी आहे ना. मग तुम्ही झगा घालून कबरीच्या डोक्याशी उभे राहिलात आणि मी दादा-वहिनीबरोबर. माझ्या शेजारी कोणी नव्हतं. म्हटलं ठीक आहे, काम आहे त्यांचं. सगळं झाल्यावर तुम्ही फाटकापाशी जाऊन उभे राहिलात, नेहमीसारखे. माणसं एकेक पुढे सरकत होती. दादा गेला, वहिनी गेली, मग मी. तुम्ही माझा हात दोन्ही हातांत घेतलात आणि म्हणालात, ‘बाई, धीर धरा. आई प्रभूच्या घरी सुखरूप आहेत.’ आणि माझ्या मागच्या माणसाचा हात धरलात.”

“मी?” साहेब म्हणाले. “तुला?”

“मला वाटलं, घरी आल्यावर तरी. घरी आलात, बूट काढलेत आणि रविवारचा उपदेश लिहायला बसलात. त्यानंतर वर्ष गेलं. मला रडायचं होतं हो कोणाजवळ तरी. या मंडळीत सगळ्यांना पाळक आहे, मला नाही. तुमच्याकडे यायचं म्हटलं तर भीती वाटायची, तुम्ही परत ‘बाई’ म्हणाल. मग त्या दिवशी एकेक जण आपापलं सांगत होती आणि माझी पाळी आली. नवऱ्याबद्दल असं कसं सांगणार? म्हणून म्हटलं, कारण विचारू नका.” ती जराशी हसली. “कोणी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.”

साहेब आठवायला लागले. त्या दिवसाचं त्यांना सगळं आठवलं. बुटांना चिकटलेली ओली माती, मधेच सुटलेला वारा, गाणं लांबलं म्हणून घड्याळ बघणारे मुद्देसाहेब. कबरीपाशी वाचलेला उतारासुद्धा शब्दन् शब्द आठवला. तिचा हात आठवेना. त्यांनी फाटकापासची रांग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणली. दादा यायचा, वहिनी यायची, आणि मग नुसते हात.

त्यांनी छाती भरून श्वास घेतला. वाक्य ओठांवर आलंच होतं, तयार, घडी घातलेलं. तिने तो श्वास ओळखला.

“ते नको,” ती म्हणाली. “ते ऐकलंय मी.”

मग दुसरं काही बोलावं म्हणून साहेबांनी शोधलं. जन्मभर बोलण्यावर पोट भरलेला तो माणूस स्वयंपाकघरात उभा राहून एक साधं वाक्य शोधत होता आणि त्याला ते मिळत नव्हतं. आत प्रार्थना आटली तेव्हा घाबरला नव्हता एवढा तो आता घाबरला.

“मला आठवत नाही गं,” शेवटी ते म्हणाले. “तुझा हात धरलेला मला आठवत नाही.”

नळ ठिबकत होता, तो तिने उठून घट्ट केला आणि पुन्हा येऊन बसली.

“मी उद्या मुद्देसाहेबांना सांगतो,” साहेब म्हणाले. “सोडतो म्हणून.”

“आता कशाला? ते तर चालू ठेवा म्हणतायत.”

“म्हणतायत. त्यांना चालतंय.”

“माझ्यामुळे नका सोडू. लोक मलाच नावं ठेवतील. आणि जायचं कुठे?”

“बघू. दादाकडे चार दिवस. नंतर मिळेल ते काम.”

“ते विचारतीलच,” ती म्हणाली. “कारण काय सांगाल?”

उपदेशात साहेब कुठल्याही गोष्टीची तीन कारणं चुटकीसरशी द्यायचे. आता त्यांना बराच वेळ लागला.

“सांगेन, आमच्या घरी मयत झालीय,” ते म्हणाले. “आई गेल्या.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग बातमी आत्ताच येऊन पोचल्यासारखी टेबलावर डोकं टेकून ती मोठ्याने रडायला लागली. बटाटे घरंगळून खाली पडले. साहेबांनी खुर्ची ओढली, तिच्या शेजारी बसले आणि काही बोलले नाहीत.